कारखाना हवा, सावलीही हवी



आज आपण झाडांविषयी बोलणार आहोत. आणि कारखान्यांविषयीही बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध?" संबंध आहे. दोघांनाही एकाच जमिनीवर उभे राहायचे आहे. शेडला जागा हवी, झाडालाही जागा हवी. जमीन मात्र आहे तेवढीच आहे. मग दोघांचा मेळ कसा घालायचा? आजचा विषय हाच आहे.

तुमच्यातले बरेच जण नव्याने वाचायला शिकले आहेत. बेरीज, गुणाकार, भागाकारही येऊ लागला आहे. आज त्या गणिताचा उपयोग करू. झाडांवर भाषणे पुष्कळ झाली. आज आपण झाडांचा हिशेब मांडू.

आपल्या भागात काय घडले

आपले शहर छत्रपती संभाजीनगर. २०२३ पर्यंत त्याचे नाव औरंगाबाद होते. पूर्वी या शहराची ओळख म्हणजे पाणचक्की, बीबीचा मकबरा, हिमरू शाली आणि वेरूळची वाट. बाकी सगळी शेती. तीही पावसावर अवलंबून.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यालाच आपण एमआयडीसी म्हणतो. मग कारखाने येऊ लागले. आधी रेल्वे स्टेशनाजवळ, मग चिकलठाण्याला, मग वाळूजला. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले. गावोगावची मुले सायकलीवरून, पुढे मोटारसायकलीवरून कामाला जाऊ लागली.

त्यानंतर शेंद्रा आले. आणि आता बिडकीन. दिल्ली ते मुंबई असा मोठा औद्योगिक पट्टा सरकारने आखला आहे. त्यात शेंद्रा आणि बिडकीन मिळून 'ऑरिक' नावाची औद्योगिक नगरी उभी राहत आहे. दोन्ही मिळून जमीन सुमारे १० हजार एकर. त्यातली बिडकीनची एकटीची ८ हजार एकरांच्या जवळपास. शेंद्र्याच्या ऑरिक हॉलचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. बिडकीनची औद्योगिक नगरी २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. २०२४ च्या जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्कर कंपनीने बिडकीनला मोटारगाड्यांचा कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी करार केला.

मंडळी, हे वाईट नाही. मी कारखान्याच्या विरोधात बोलायला उभा नाही. दोन एकर कोरडवाहू वावरात चार भावांचे पोट भरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून काढला. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात हाताला बारमाही काम मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या लेकरांना काम हवे. म्हणून कारखाना हवा.

पण त्याच दुष्काळाने दुसरीही गोष्ट शिकवली आहे. आपल्याकडे पाऊस थोडा. ऊन कडक. जंगल तर फारच थोडे. देशाच्या वननीतीने सांगितले आहे की एक तृतीयांश भूमी झाडांखाली असावी. महाराष्ट्रात जंगलाचे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, आणि मराठवाड्यात त्याहूनही पुष्कळ कमी. आपल्याकडे झाडे होती ती बांधावर, विहिरीवर, ओढ्याकाठी आणि गावच्या मारुतीपाशी. वावरांचा कारखाना झाला की बांध जातो. बांध गेला की बांधावरचा निंबही जातो.

म्हणून कारखाना येताना झाडांची अट घातली जाते. ती अट काय आहे, ते आता पाहू.

कायदा काय सांगतो

कायदे पुष्कळ आहेत. मी चारच गोष्टी सांगतो. त्या लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. शहराच्या हद्दीत १९७५ चा झाडांचा कायदा आहे. तेथे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. हा कायदा २०२१ साली सुधारला. ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटले आहे. आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर त्या झाडाचे जेवढे वय तेवढी रोपे लावायची. ६० वर्षांचा निंब तोडला तर ६० रोपे. ती रोपेही उंच हवीत, ६ ते ८ फुटांची. बोटभर रोप चालत नाही.

दुसरी गोष्ट. गावशिवारात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, चंदन अशी काही झाडे त्या कायद्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

तिसरी गोष्ट. एमआयडीसी कारखान्याला भूखंड देते तेव्हा करार करते. त्या करारात झाडांची अट असते. दर २०० चौरस मीटर जागेला एक झाड. शिवाय रस्त्याच्या बाजूने दर १५ मीटरवर एक झाड. आणि ती झाडे कराराची मुदत असेपर्यंत चांगल्या स्थितीत ठेवायची. नुसती लावायची नाहीत, ठेवायची. हा शब्द फार महत्त्वाचा आहे.

चौथी गोष्ट. फार मोठ्या बांधकामांना आणि प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना पर्यावरणाची वेगळी मंजुरी लागते. मोठ्या इमारतींना मंजुरी देताना ८० चौरस मीटरला एक झाड अशी अट घातली जाते. आणि जागेवर आधीपासून असलेली झाडे त्यात धरली जातात. मोठ्या उद्योगांना पूर्वी अनेक वर्षे एकूण जागेच्या ३३ टक्के हिरवा पट्टा ठेवायला सांगत. २०२५ साली केंद्र सरकारने ते प्रमाण कमी केले. आता उद्योग किती प्रदूषण करतो हे पाहून प्रमाण ठरते.

अट सैल झाली की काय होते? जागा कारखान्याला जास्त मिळते. उद्योजक म्हणतो, जमीन महाग आहे, तिसरा हिस्सा मोकळा कसा ठेवू? त्याचेही म्हणणे ऐकले पाहिजे. पण अट जेवढी सैल, तेवढी जी झाडे लावायची ती खरी झाडे असली पाहिजेत. कागदावरची नव्हेत.

फळ्यावरचे गणित

आता फळ्याकडे बघा. मीटर बाजूला ठेवा. आपण गुंठ्यात हिशेब करू.

एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. मग २०० चौरस मीटर म्हणजे २ गुंठे. म्हणजे एमआयडीसीची अट काय झाली? दोन गुंठ्यांना एक झाड.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. ४० ला २ ने भागा. २० आले. एकराला २० झाडे. १० एकरांना २०० झाडे. १०० एकरांना २,००० झाडे. येथपर्यंत सोपे आहे.

आता ही झाडे लावतात कोठे? तुम्ही कारखान्यांच्या रस्त्याने जाताच. बहुतेक ठिकाणी झाडे कुंपणाच्या भिंतीला लागून दिसतात. मधे शेड, ट्रक फिरायचा रस्ता, माल ठेवायची जागा. आग लागली तर बंब शेडभोवती फिरला पाहिजे, म्हणून तोही रस्ता मोकळा हवा. तो हवाच. त्यात माणसांचा जीव आहे. म्हणून झाडांना उरते ती कडेची पट्टी.

आपण असे धरू की प्लॉट चौकोनी आहे आणि सगळी झाडे कुंपणाने एका ओळीत लावली.

एक एकराचा प्लॉट. चारही बाजू मिळून कुंपण साधारण ८३५ फूट. झाडे २०. दोन झाडांत अंतर सुमारे ४२ फूट. छान! तेथे वडही वाढेल.

दहा एकरांचा प्लॉट. एक बाजू ६६० फूट. चारही बाजू मिळून २,६४० फूट. झाडे २००. दोन झाडांत अंतर सुमारे १३ फूट. निंबाला, चिंचेला ही जागा अपुरी झाली.

शंभर एकरांचा प्लॉट. चारही बाजू मिळून सुमारे ८,३५० फूट. झाडे २,०००. दोन झाडांत अंतर किती? भागाकार करा. चार फूट! फक्त चार फूट.

पाहिलेत? जमीन शंभरपट वाढली. कुंपण मात्र दहापटच वाढले. प्लॉट जेवढा मोठा, तेवढी कुंपणाची जागा झाडांना कमी पडते. चार फुटांवर एक झाड लावले तर ती झाडे सावली देणार नाहीत. काठीसारखी सरळ वाढतील. एकमेकांचे पाणी पितील. निम्मी मरतील. म्हणून तर ठिकठिकाणी उभट अशोकाची रांग दिसते. मोजायला झाड आहे, पण बसायला सावली नाही. तपासणीला आलेला माणूस मोजतो, आकडा जुळतो, कागदावर सही होते.

यात कोणी लबाडी केलीच असे मी म्हणत नाही. नकाशा काढतानाच झाडांना जागा ठेवली नव्हती, हे खरे कारण आहे. आधी शेडचा नकाशा, मग रस्ता, मग नळ, मग विजेच्या तारा. सगळे झाल्यावर आठवण झाडांची. याला वरातीमागून घोडे म्हणतात.

मग तोल कसा साधायचा

तोल साधायचा म्हणजे कारखाना अर्धा करायचा, असे नाही. पाच गोष्टी सांगतो.

एक. झाडांची जागा आधी ठरवा. शेडच्या नकाशावरच झाडांचा नकाशा काढला पाहिजे. शंभर एकरांच्या कारखान्याचे उदाहरण पुन्हा घेऊ. २,००० झाडे. दर झाडाला १६ फूट लांब, १६ फूट रुंद जागा दिली, तर सगळ्या झाडांना सुमारे पावणेबारा एकर लागतात. शंभरातले पावणेबारा. एवढी जागा एका बाजूला, वाऱ्याच्या आणि धुळीच्या तोंडाला, एकत्र ठेवली तर तेथे खरी राई तयार होते. पाखरे येतात. पावसाचे पाणी मुरते. कामगारांना जेवणाच्या सुट्टीत बसायला जागा होते. आणि शेडला, बंबाला, ट्रकला काही अडचण येत नाही.

दोन. उभे झाड आधी वाचवा. बिडकीनच्या बाजूला वावरात चिंच असेल, विहिरीवर वड असेल. तो शेडच्या मधोमध असला तर गोष्ट वेगळी. पण पुष्कळदा तो कडेला असतो आणि नुसता अडगळ म्हणून जातो. प्लॉटची आखणी दहा हात सरकवली तर तो वाचतो. पाणचक्कीच्या आवारातला जुना वड तुम्ही पाहिला असेल. तसा वड हजार रोपे लावूनही आपल्या हयातीत तयार होणार नाही. मोठे झाड मुळांसकट उचलून दुसरीकडे लावता येते. पण त्याला तयारी लागते, पाणी लागते, जाणता माणूस लागतो. एवढे करूनही ते जगेलच असे नाही.

ही समज नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिले गेले. त्यात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी सांगितले आहे. रयतेची आंबा-फणसाची झाडे सरसकट तोडू नयेत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. आरमार म्हणजे त्या काळचा मोठा उद्योगच. तेव्हाच्या राज्याला गलबते हवी होती आणि झाडेही हवी होती. आपला प्रश्न तोच आहे.

तीन. आपल्या मातीतले झाड लावा. कडुनिंब, करंज, शिरीष, चिंच, वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, आपटा, पळस. मुरमाड जागी बोर, सीताफळ, बाभूळ, हिवर. ही झाडे आपले ऊन ओळखतात. लवकर वाढते म्हणून एकाच जातीची रांग लावू नये. एक रोग आला तर सगळी रांग जाते. वड-पिंपळ भिंतीपासून आणि नळांपासून दूर लावावेत. त्यांची मुळे लांब जातात. विजेच्या तारांखाली उंच झाड लावू नये. नाहीतर दरवर्षी कोयता ठरलेलाच.

चार. बुंध्याला माती मोकळी ठेवा. कित्येक आवारांत सिमेंटचे गट्टू अगदी बुंध्यापर्यंत बसवतात. पाणी आत जात नाही. मुळांना हवा मिळत नाही. झाड हळूहळू गुदमरते. मग वादळात पडते आणि लोक म्हणतात, झाड धोक्याचे होते! बुंध्याभोवती निदान तीन-साडेतीन फूट माती मोकळी असावी.

पाच. पाण्याची सोय आधी, रोप मागून. पावसाळ्यात लावलेले रोप पावसाळ्यात कोणीही जगवील. परीक्षा असते मार्च ते जून. तेव्हा एका रोपाला आठवड्यातून दोनदा एक बादली, म्हणजे १० लिटर पाणी धरा. २,००० रोपांना आठवड्याला किती? २० गुणिले २,०००. म्हणजे ४० हजार लिटर. पाच हजार लिटरचे आठ टँकर! गावात माणसांना टँकर मिळत नाही, तेथे झाडांना कोण देणार? आणि द्यावा तरी कसा?

याला उत्तर आहे. कारखान्यात समजा १,००० माणसे कामाला आहेत. हात धुणे, संडास, उपाहारगृह मिळून माणशी ३० लिटर पाणी धरले, तर रोजचे ३० हजार लिटर सांडपाणी होते. दोन दिवसांचे सांडपाणी शुद्ध केले की आठवड्याची झाडे भिजतात. वर पाणी उरते. जायकवाडीचा एक थेंबही जास्त लागत नाही. मात्र रसायनांचे पाणी वेगळे आणि हे पाणी वेगळे. दोन्ही एकत्र करता कामा नये.

लावले किती, जगले किती

मंडळी, आता मूळ मुद्दा सांगतो.

आपल्या राज्यात झाडे लावण्याच्या मोठ्या मोहिमा झाल्या. १ जुलै २०१६ रोजी २ कोटी झाडांचा संकल्प होता. २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी. हेतू चांगला होता. गावोगाव खड्डे झाले, शाळांची मुले राबली. पण पुढे विचारणा झाली की त्यातली जगली किती? तेव्हा २०२१ साली चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याची वेळ आली.

आपण झाड मोजतो ते लावण्याच्या दिवशी. फोटोही त्याच दिवशी निघतो. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी बकरी येते.

म्हणून माझे सांगणे असे आहे. झाड लावण्याच्या दिवशी मोजू नये. तिसरा उन्हाळा गेल्यावर मोजावे. एका कारखान्याने हजार रोपे लावली आणि तीनशे जगली. दुसऱ्याने चारशे लावली आणि साडेतीनशे जगली. बक्षीस कोणाला द्याल? हजारवाल्याला की चारशेवाल्याला? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. कागदाला अजून ठाऊक नाही.

आणि तोडण्याच्या बाबतीत सावधपणा लागतो तो आधी. मुंबईत आरे येथे मेट्रो गाड्यांचे मोठे कारशेड बांधायचे होते. मेट्रोची गरज खरी होती. आरेची झाडीही खरी होती. वाद कोर्टात गेला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितले. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. थांबवण्याचा हुकूम येतो, पण पडलेले झाड उठत नाही. म्हणून बोलायचे ते नकाशा निघतानाच बोलले पाहिजे.

चांगले झाले तेही पाहू

कर्नाटकात बंगळूरजवळ बिडदी नावाचे गाव आहे. नाव आपल्या बिडकीनसारखेच! तेथे टोयोटा किर्लोस्करचाच मोटारींचा कारखाना आहे. त्या आवारात दाट वन वाढवले आहे. अकिरा मियावाकी नावाचे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांची पद्धत तेथे वापरली. जमीन खोल भुसभुशीत करायची, भरपूर खत घालायचे, त्याच मुलखातली अनेक जातींची रोपे अगदी जवळजवळ लावायची आणि पहिली दोन-तीन वर्षे पाणी द्यायचे. मग ते रान आपले आपण वाढते. या रीतीला खर्च जास्त येतो. आणि अशा दाटीत वडाचा पसारा मिळत नाही. पण मोटारीचा कारखाना आणि रान एकाच कुंपणात राहू शकतात, हे तेथे दिसले. मग बिडकीनला आपण तेच मागितले तर जास्त मागितले असे होत नाही.

आणि आपल्याच शहरात पाहा. खाम नदीचा नाला झाला होता. महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक ही कारखानदार कंपनी एकत्र आली. लोकही आले. कचरा उचलला, काठ बांधले, झाडे लावली. एकट्या सरकारने झाले नसते, एकट्या कंपनीनेही नसते. खूप काम अजून बाकी आहे. पण मेळ घातला तर काम होते, हे तेथे दिसते.

आपण काय करायचे

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे मोठ्यांचे काम. आम्ही गावची माणसे. आमचे कोण ऐकतो?"

ऐकतात. पण बोलणाऱ्याच्या हातात कागद असला की लवकर ऐकतात. म्हणून तर तुम्ही वाचायला शिकलात ना?

शिवारातल्या जुन्या झाडांची यादी करा. झाड कोणते, कोणत्या गटात, बुंधा किती वाव, अंदाजे वय किती. एका वहीत लिहा. ग्रामसभेत ती वाचून दाखवा. ठराव करा आणि प्रत ठेवा. उद्या तेथे आखणी करायला माणसे आली, तर 'येथे काही नव्हते' असे कोणी म्हणू शकणार नाही.

कारखान्याला कोणत्या अटीवर परवानगी मिळाली, ते विचारा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालापासून आहे. साध्या कागदावर अर्ज करता येतो. अट काय, झाडे किती, कोठे लावली, किती जगली. चार ओळींचा अर्ज. मात्र भांडायला जाऊ नका. हिशेब विचारायला जा. हिशेब विचारणाऱ्याला कोणी हाकलून देऊ शकत नाही.

झाडे जगवण्याचे काम गावाने मागून घ्या. कारखान्याला झाडे हवीत, पण आळे करायला, कुंपण घालायला, बकऱ्या राखायला त्याच्याकडे माणूस नसतो. आपल्या मायबहिणींचे बचत गट आहेत. देशी रोपांची रोपवाटिका त्या चालवू शकतात. सामाजिक वनीकरण विभागाकडून त्याची माहिती मिळते. कारखान्याने पैसे द्यावेत ते जगलेल्या झाडामागे. यात झाडही जगते आणि घरात चार पैसेही येतात. ज्यांची वावरे गेली त्यांना पहिला हक्क द्यावा. निंबोळी कधी वेचायची, बोराचे बी कसे रुजवायचे, हे त्यांच्याइतके कोणाला कळते?

आणि शेवटी आपली बाजू. कारखान्याकडे बोट दाखवताना आपला बांधही पाहा. जमिनीचा मोबदला आला की पहिली गाडी घेतो, दुसरे पक्के घर बांधतो, आणि अंगणातला निंब तोडून तेथे फरशी घालतो. मग उन्हाळ्यात गाडी उभी करायला सावली शोधतो! हे आपल्यातच चालते. ते थांबवायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

मंडळी, कारखाना आपल्या लेकरांना पगार देईल. पण पगार घेऊन तो ज्या गावात परत येईल, ते गाव राहण्याजोगे असले पाहिजे. बेचाळीस अंश उन्हात पत्र्याच्या शेडमधून बाहेर पडलेल्या पोराला रस्त्यात एक तरी निंब भेटला पाहिजे. एवढेच आपले मागणे आहे. ते फार मोठे नाही, आणि ते गणितात बसते, हे आपण फळ्यावर पाहिले.

मी पडलो मास्तर. घरचा अभ्यास दिल्याशिवाय वर्ग सोडायची सवय नाही. तीन प्रश्न देतो. पुढच्या बैठकीला उत्तरे लिहून आणा.

१. पाच एकरांच्या प्लॉटवर दोन गुंठ्यांना एक याप्रमाणे किती झाडे हवीत?

२. तुमच्या शिवारात तुमच्या आजोबांच्या वेळची किती झाडे उभी आहेत? त्यांची नावे लिहा.

३. गेल्या पावसाळ्यात गावात लावलेली रोपे किती? आज जिवंत किती? जाऊन मोजा. ऐकीव आकडा चालणार नाही.

पहिल्याचे उत्तर पाटीवर मिळेल. दुसऱ्या आणि तिसऱ्याचे शिवारात. राम राम.